सोसायटीचं खत साठत चाललंय. शेतापर्यंत कसं पोचवायचं?

मातकट
नमस्कार मंडळी. घरगुती खताचे धागे इथे भरपूर आहेत, पण मला शेतासाठी विचारायचंय, म्हणून हा वेगळा काढतेय.

आमची सोसायटी पुण्यात, १८० फ्लॅटची. ओला कचरा दिवसाला साधारण ८०-९० किलो. विटांचे जाळीदार हौद आहेत, आवारातलाच पाचोळा थरावर थर घालतो आणि खत होतंही चांगलं. १०० किलो ओल्या कचऱ्याचं शेवटी १५ ते २० किलो खत उरतं, म्हणजे आमच्याकडे महिन्याला चारेकशे किलो. आणि बाग केवढी? कुंपणालगतचे दोन पट्टे आणि एक लॉन. माळीदादांनी यंदा हात जोडले. "ताई, अजून घातलं तर झाडं खतातच लावावी लागतील." पोती पार्किंगमध्ये रचलीत आणि ज्यांच्या गाडीशेजारी रचलीत त्यांचे फोन मला येतात.

एजीएममध्ये (वार्षिक सभेत) दोन गट पडले. एक म्हणतो हौद बंद करा, सगळं घंटागाडीला द्या. दुसरा म्हणतो खताचं मशीन घ्या. (मशीन घेतल्याने खत ठेवायला जागा कशी होणार, हे मला कुणी समजावलेलं नाही.) माझं म्हणणं असं की भाजी येते आसपासच्या तालुक्यांतून, देठं-सालं राहतात इकडे, आणि तिकडे जमिनीत सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून येणारा कार्बन) उरला नाही म्हणून ओरड. मग खत तिकडेच का जाऊ नये?

कुणी शेतकऱ्यांना नियमित दिलंय का? ते घेतात का? पैसे मागायचे की फुकट द्यायचं? गाडीचं कोण बघतं? आणि त्याने जमिनीला खरंच फरक पडतो, की आपलं आपल्याला बरं वाटतं एवढंच?

बाल्कनीतली_शेती
वाचतेय. आमच्याकडे दिवाळीत प्रत्येक फ्लॅटला एकेक पिशवी वाटतात. निम्म्या पिशव्या शिमग्यापर्यंत लॉबीतच असतात.

पुरंदरचा_गडी
ताई, घेतो की. पण आधी ऐकून घ्या, नंतर वाद नको.

माझी सीताफळं आणि थोडी अंजिरं आहेत, सासवडच्या पुढं. जमीन मुरमाड, पाऊस बेताचा. गावात जनावरं कमी झाली तसं शेणखत दुर्मिळ झालं. ट्रॉली सांगितली की पैसे आधी, माल कधी येईल तेव्हा. तेव्हा गरज आहेच.

पण शहरातलं खत आम्ही एकदा घेऊन बसलोय. ओळखीतल्या माणसानं एका मोठ्या प्रकल्पातून ट्रकभर आणून दिलं, फुकट. दिसायला काळंभोर, वासही बरा. आळ्यांत पसरलं, दोन पाणी दिली, माती खाली बसली आणि एकेक वर यायला लागलं. दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, शाम्पूच्या पुड्या, रबरबँड, बांगडीच्या काचा, दाढीचं अर्धं ब्लेड. बायकांनी खुरपायला नकार दिला, आणि बरोबर होतं त्यांचं. ते कोपरे तर अजून निघतात. कात्रीनं कापून टाकलेला एवढासा तुकडा, पण कुजत नाही, वाऱ्यानं उडून जात नाही, पाटात येऊन बसतो.

म्हणून माझ्या अटी. काच-प्लास्टिक अजिबात नको, "फारसं नाही" हे चालणार नाही. दुसरं, ढिगात हात घातला तर गरम लागता कामा नये. कच्चं खत मुळाशी पडलं की झाड पिवळं पडतं, वर मुळं खाणाऱ्या हुमणी अळीला आमंत्रण. तिसरं गाडीचं, ते नंतर बोलू.

आणि हिशेब सांगतो. एकरी चार-पाच टन शेणखत घाला म्हणतात. तुमचं वर्षाचं सगळं खत म्हणजे पाच टन. १८० घरांची चूल एका एकराला पुरते, बघा. रानभर पसरायला ते काहीच नाही. झाडाच्या आळ्यात टोपलं-टोपलं दिलं तर मात्र माझी बाग भागते.

मातकट
दादा, असंच स्पष्ट हवं होतं. दुधाच्या पिशवीच्या कोपऱ्याचं आजच ग्रुपवर टाकते. आमच्याकडे अर्ध्या घरांत तो कोपरा ओल्यातच जातो.

निवृत्त_मृदा
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत देतो, कारण या विषयात भावना फार आणि वजनकाटा कमी असं चालतं.

एक एकर जमीन, वरचा १५ सेंमीचा थर. या मातीचं वजन ढोबळमानाने ८०० टन. तिचा सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा म्हणजे ८०० किलो कर्ब त्या थरात टिकवायचा. चांगल्या, किंचित ओलसर खतात टनामागे दीडेकशे किलो कर्ब धरा. म्हणजे पाच-साडेपाच टन खत, आणि तेही त्यातला कण न्‌ कण टिकला तर. तो टिकत नाही. आपल्या उन्हात आणि नांगरटीत बराचसा भाग सूक्ष्मजीव खातात आणि हवेत सोडतात. मृद आरोग्य पत्रिकेत ०.५ टक्क्यांच्या खाली "कमी" असा शेरा येतो. आपल्या कोरडवाहू पट्ट्यात तो शेरा काही नवलाचा नाही. तिथून ०.७५ च्या वर जाणं हे एका हंगामाचं काम नव्हे. एका वर्षात जमीन पालटून देतो म्हणणाऱ्याकडून काहीही विकत घेऊ नका.

आता दुसरी बाजू. पुरंदरचा_गडी म्हणतात तसं आळ्यात दिलं तर तुम्ही ८०० टन मातीशी झुंजत नाही, झाडाभोवतीच्या घमेलं-दोन घमेली मातीशी झुंजता. तिथे आकडा लवकर हलतो. मुरमात पाणी धरून ठेवायला काहीच नसतं. खताने कण एकमेकांना धरतात, ओल दोन दिवस जास्त टिकते. कमी पावसाच्या फळबागेत हे दोन दिवस मोलाचे.

शेतावर पाठवण्याआधी एकदा प्रयोगशाळेतून तपासून घ्या. शहरी खतासाठी खत नियंत्रण आदेशात मर्यादा दिल्या आहेत: कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या खाली, सामू (pH) ६.५ ते ७.५, क्षारता (मिठाचं प्रमाण) ४ dS/m च्या आत, शिसं किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आत, कॅडमियम ५ च्या आत. नुसत्या स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात जड धातूंची भीती कमी. ती मिश्र कचऱ्याच्या खतात असते, जिथे बॅटऱ्या आणि रंगांचे डबे एकत्र येतात. तुम्ही लक्ष ठेवायचं ते क्षारतेवर. लोणच्याचा खार, उरलेली आमटी, पापड, फरसाण. जोरदार पावसाच्या भागात मीठ धुऊन जातं. पुरंदरात ते तिथेच राहील.

घरची परीक्षा हवी तर मेथी पेरा. एका कुंडीत नुसती माती, दुसरीत निम्मी माती निम्मं खत. खतातली मेथी मागे पडली तर खत कच्चं. किंवा ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून तीन-चार दिवस ठेवा. पिशवी फुगली किंवा उघडल्यावर नाक मुरडावं लागलं तर परत हौदात.

उलट_तपासणी
सगळं गोड चाललंय म्हणून मिठाचा खडा टाकतो. (क्षारता वाढेल, क्षमस्व.)

मुळात खत करायचंच कशाला? ढीग कुजताना त्यातला निम्मा किंवा अधिक कर्ब पार्किंगमध्येच हवेत जातो. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे कितीतरी वर्षं मांडत आले की मातीतल्या सूक्ष्मजीवांना ताजं, ऊर्जा असलेलं अन्न द्या. खत म्हणजे दुसऱ्याच जिवाणूंनी जेवून उठल्यानंतरचं ताट. कोल्हापूरचे शेतकरी प्रतापराव चिपळूणकर नांगरट सोडून पिकाची मुळं-खोडकी जागेवरच कुजवा म्हणतात. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांची सगुणा पद्धतही तीच वाट धरते: गादीवाफे एकदा करायचे, मोडायचे नाहीत, भात कापला की मुळं जमिनीतच ठेवायची. जमीन सुधारते ती तिथे उगवलेल्याने. शहरातून पोती नेऊन कोणाचं शेत पुनरुज्जीवित होणार? वर डिझेल जाळायचं.

पुरंदरचा_गडी
साहेब, ताजा कचरा एकदा माझ्या बांधावर टाकून बघा. सकाळपर्यंत गावातली सगळी कुत्री आणि ओढ्यातली डुकरं सभेला हजर. शिवाय रोजचा रोज कोण आणणार?

मुळं जमिनीत ठेवायचं म्हणाल तर पटतं. बागेत नांगर मी कधीच बंद केला. गवत उपटत नाही, कापून तिथंच टाकतो. पण मुरमात गवतसुद्धा यायला आधी काहीतरी लागतं ना? ती सुरुवात खतानं होते.

निवृत्त_मृदा
उलट_तपासणी, तुमचा मुद्दा निम्मा बरोबर आहे, आणि तो निम्मा महत्त्वाचा आहे. कुजताना कर्ब जातो हे खरं. पण ताजं साल साठवता येत नाही, त्यात ७५-८० टक्के पाणी असतं, म्हणजे तुम्ही टेम्पोतून पाणी वाहणार. ढीग ५५ अंशांच्या वर काही दिवस तापला की रोगजंतू आणि तणाचं बी मरतं, हाही फायदा. बाकी कमीत कमी नांगरट, जमीन उघडी न ठेवणं, पिकांची फेरपालट हे मूळ काम शेतातच व्हायचं. शहराचं खत हा त्याला हातभार. तो मूळ कामाची जागा घेत नाही.

जाता जाता: इंग्रज शास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला खताची जी पद्धत बसवली, त्यात जनावरांचं शेणमूत, शेतातला काडीकचरा आणि थोडी माती असायची. शहरी कचऱ्यासाठी बंगळुरूला डॉ. सी. एन. आचार्यांनी वेगळी पद्धत काढली, खड्डा भरून वरून लिंपून टाकायची. म्हणजे हा वाद आपला नवा नाही.

नलूमावशी
नवा कुठला! माझ्या माहेरी, हडपसरच्या पुढे, उसाला पुण्याचं सोनखत (मैल्याचं खत) यायचं म्हणून आजोबा सांगत. गाडीचा वास आधी यायचा आणि गाडी मागून. कुणी नाक मुरडलं तर म्हणत, "गूळ खाताना मुरडत नाहीस ते?"

बरं, माझा साधा प्रश्न. माझ्या घरच्या बादलीत पांढुरक्या-तपकिरी, चपट्या अळ्या झाल्यात. बोटाच्या पेराएवढ्या. सून म्हणते फेकून द्या. काय करू?

बाल्कनीतली_शेती
मावशी, फेकू नका. काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या असणार. कचरा भराभर खातात, आणि ती माशी घरमाशीसारखी अन्नावर येऊन बसत नाही. फक्त ओल जास्त झालीय असा अर्थ घ्या. मूठ-दोन मूठ सुका पाचोळा आणि वर झाकण.

नलूमावशी
सुनेला हे वाचून दाखवते.

पानगळ_पुणे
पाचोळ्यावरून आठवलं. उलट_तपासणींचा मुद्दा पाचोळ्याला मात्र पूर्ण लागू होतो. तो कुजवून देण्याऐवजी तसाच आच्छादन म्हणून शेतात गेला तर उत्तम. वजनाला हलका, वास नाही, कुत्री फिरकत नाहीत. पुण्यात "ब्राऊन लीफ"वाले हेच करतात: ज्याच्याकडे पानं जास्त आहेत त्याची गाठ ज्याला हवीत त्याच्याशी घालून देतात. नाहीतर दर फेब्रुवारी-मार्चला कोपऱ्याकोपऱ्यावर धूर असतोच.

पण मातकट, उत्साहात सगळी पानं देऊन टाकू नका. तुमच्या हौदाला एक बादली ओल्यामागे निदान एक बादली पाचोळा लागतो. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त, पाचोळ्यात कर्ब; दोन्ही मिळून सुरुवातीला कर्ब-नत्राचं प्रमाण २५-३० च्या आसपास आलं की ढीग तापतो आणि वास मारत नाही. आणि ऐन पावसाळ्यात, जेव्हा सगळ्यात जास्त लागतो, तेव्हा कोरडं पान औषधालाही मिळत नाही. फेब्रुवारीतच पोत्यांत दाबून, जिन्याखाली, कोरड्या जागी. मग कोकोपीटचं बिल येत नाही.

सेक्रेटरी_त्रस्त
मशीनचं बोलू का? आमच्याकडे आहे. "२४ तासांत खत" असं सांगून एका कंपनीने बसवून दिलं. सकाळी कचरा टाकला, दुसऱ्या दिवशी तपकिरी भुगा बाहेर आला. सगळे खूश, फोटो काढले. माळ्याने तो जास्वंदीला घातला. वर पाणी पडल्यावर त्या भुग्याला बुरशी चढली, आंबूस वास सुटला, जास्वंदीची पानं पिवळी. कंपनी म्हणते भुसा कमी घातलात. विजेचं बिल बघून खजिनदार रोज माझ्याकडे बघतात.

निवृत्त_मृदा
एका दिवसात कचरा वाळतो आणि बारीक होतो. कुजणं हे जिवाणूंचं काम, त्यांना आठवडे लागतात. तो भुगा म्हणजे पुडीबंद कचरा. फेकू नका, पाचोळ्याबरोबर हौदात दीड-दोन महिने मुरू द्या, चांगलं खत होईल. मशीनचा उपयोग तुकडे करायला. पुढचं हौदात.

सेक्रेटरी_त्रस्त
म्हणजे हौद लागणारच. तो मशीनसाठी पाडला आम्ही.

कागद_काच_पत्रा
इतका वेळ वाचतोय, पण या सगळ्यात ढीग कोण पलटतं ते एकानेही लिहिलेलं नाही. पुण्यात कचरावेचकांबरोबर काम करतो म्हणून लिहितो.

सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीजवळ, एक बाई किंवा एक काका उभे असतात. तुमचं १८० घरांचं वर्गीकरण चुकलं की ते हाताने दुरुस्त करतात. पुरंदरच्या बायकांनी खुरपायला नकार दिला. इथल्या बाईला तशी सोय नसते. वेचकांच्या "स्वच्छ" या सहकारी संस्थेने लाल ठिपक्याची मोहीम काढली ती याचसाठी: सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका, म्हणजे हात लावण्याआधी कळतं.

मातकट, तुमचा प्रश्न फुकट की पैसे हा होता. पैसे घ्या, थोडे का होईनात, आणि ते ढीग सांभाळणाऱ्या माणसाच्या पगारात जाऊ देत. पुण्यात गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल यांतला एक प्रकल्प चालू असेल तर मिळकतकरात ५ टक्के, दोन असतील तर १० टक्के सवलत असते. ती तुम्ही घेत असाल. त्यातला वाटा त्या माणसापर्यंत पोचतो का, हे एजीएममध्ये विचारा. आणि २०१६ च्या घनकचरा नियमांनी ५,००० चौरस मीटरच्या वरच्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा असं घातलं होतं. २०२६ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले, तेव्हा चालू नियम बघून "हौद बंद करा" गटाला तो कागद दाखवा.

सॅन_होजेकर
इकडचा अनुभव. सॅन फ्रान्सिस्कोत २००९ पासून ओला कचरा वेगळा देणं कायद्याने बंधनकारक आहे. हिरव्या डब्यातलं सगळं शहराबाहेर मोठ्या प्रकल्पात जातं आणि तिथलं खत आसपासच्या द्राक्षमळ्यांत, फळबागांत. ऐकायला स्वप्नवत. पण तिकडच्या शेतकऱ्याची तक्रार पुरंदरच्या गड्यासारखीच आहे: काच आणि प्लास्टिक. फळांवरचे ते छोटे स्टिकर तर कुठल्याच चाळणीत अडकत नाहीत.

एक गोष्ट घेण्यासारखी. २०२२ पासून लागू झालेल्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यात शहरांवर ओला कचरा गोळा करण्याबरोबरच त्यापासून झालेलं खत, आच्छादन किंवा गॅस ठरावीक प्रमाणात घेण्याचीही जबाबदारी टाकली आहे. आपल्याकडे केंद्राने २०१६ मध्ये शहरी खताला टनामागे १,५०० रुपये विक्रीसाहाय्य ठेवलं होतं, पण ते खत विकणाऱ्यांसाठी. मातकट यांच्या पोत्यांना त्यातलं काय मिळालं असतं?

वेंगुर्ल्याचो
आमच्या वेंगुर्ल्याचं उदाहरण कुणीच दिलं नाही म्हणून. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना कचरा डेपोची अशी जागा केली की लोक ती बघायला येतात. सगळं घरात आणि दारात वेगळं करण्यावर उभं होतं. नंतर कल्याण-डोंबिवलीतही त्यांनी तेच लावून धरलं. शेजारी पणजीतही वसाहतीवसाहतींत खताचे हौद आहेत. लहान गावात जमतं, कारण कोणाच्या डब्यात काय होतं ते वाडीभर कळतं.

उलट_तपासणी
पुण्यातही कळेल. पिशवीवर फ्लॅट नंबर लिहा.

मातकट
कल्पना वाईट नाही, पण मला इथेच राहायचंय.

सगळ्यांचे आभार. ठरवलेलं लिहिते. जिन्याशेजारी एक लहान डबा फक्त कोपरे, स्टिकर, रबरबँड आणि ब्लेडसाठी. शिळी आमटी-लोणचं हौदात बंद, ते गाळून वेगळं. तीन हौद भरायचे आणि चौथ्यात पूर्ण महिनाभर काही न टाकता नुसतं मुरवायचं. तिथली मेथी पास झाली तरच चाळायचं. मशीनचा ठराव मागे पडला, श्रेय सेक्रेटरी_त्रस्त यांच्या जास्वंदीला. पैशाचं: किलोमागे दोन रुपये, आणि ते पूर्ण पैसे आमचे हौद सांभाळणाऱ्या मावशींना. दादा, परवडेल?

आता राहिली गाडी. टेम्पोवाले जाऊन-येऊन भाडं सांगतात, ते खतापेक्षा महाग पडतंय.

पुरंदरचा_गडी
दोन रुपयाचं काय नाही, देतो. भाड्याचा टेम्पो करूच नका. आमच्या गावातनं माल रात्री पुण्यात गुलटेकडीच्या बाजाराला जातो आणि सकाळी गाड्या रिकाम्या परत येतात. त्यातली एक वाकडी वाट करून तुमच्या गेटवर येईल, डिझेलचा फरक मी बघतो. फक्त सकाळी सात वाजता वॉचमनला सांगून ठेवा, नाहीतर तो आमच्या पोराला तासभर रजिस्टर भरायला लावतो.

चाळणी फार बारीक नको. दुकानात विकायचं असेल तर असू दे, मला अर्ध्या इंचाची जाळी पुरे. काड्या राहिल्या तर राहू देत, आळ्यात त्या कामाच्याच.

पोती मात्र बदला. प्लास्टिकच्या विणलेल्या गोण्या उन्हात राहिल्या की त्यांचे धागे सुटतात आणि खतात मिसळतात. म्हणजे वरून प्लास्टिक काढायचं आणि खालून घालायचं. आमचेच भाजीचे क्रेट गाडीत रिकामे असतात. तळाला वर्तमानपत्र टाकून त्यात भरा. एका क्रेटमध्ये किती बसतं ते पहिल्या खेपेला वजन करून बघू.

मातकट
क्रेट कधी पाठवताय?

पुरंदरचा_गडी
मेथी उगवल्याचा फोटो टाका, मग पाठवतो.